डर्बीचा निकाल लागला साडेनऊ महिन्यांनी

डर्बी म्हटलं की आपल्यातल्या मुंबईकरांना महालक्ष्मीचं रेसकोर्स आणि फेब्रुवारीतला तो रविवार आठवतो. आज मात्र आपण जी डर्बी पाहणार आहोत ती अमेरिकेतली आहे. केंटकी राज्यात लुईव्हिल शहरातल्या चर्चिल डाउन्सवर दर वर्षी मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी तीन वर्षांच्या थरोब्रेड घोड्यांची ही शर्यत होते. अंतर सव्वा मैल, वेळ साधारण दोन मिनिटं. २०२१ च्या त्या दोन मिनिटांचा निकाल लागायला साडेनऊ महिने का लागले, हे आज समजून घेऊ. घोड्यांच्या शर्यतीत प्रामाणिकपणा टिकवणं एवढं अवघड का असतं, ते त्यातून आपोआप कळेल.

१ मे २०२१. मेडिना स्पिरिट नावाचा घोडा पहिला आला. लहानपणी त्याचा लिलाव झाला तेव्हा बोली लागली होती एक हजार डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे सत्तर हजार रुपये. डर्बीत धावणाऱ्या घोड्याच्या मानाने हे अक्षरशः चिल्लर! त्याचे ट्रेनर बॉब बॅफर्ट, अमेरिकेतलं सर्वांत गाजलेलं नाव. त्यांचा हा सातवा डर्बीविजय ठरणार होता. आठ दिवसांनी त्यांनीच जाहीर केलं, की घोड्याच्या रक्तात बीटामेथासोन सापडलंय. आधी म्हणाले, हे औषध आम्ही घोड्याला कधी दिलंच नाही. दोन दिवसांनी म्हणाले, अंगावर पुरळ आलं होतं, त्याला लावलेल्या मलमात ते होतं.

सापडलं किती? एक मिलिलिटर रक्तात २१ पिकोग्रॅम. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे पिकोग्रॅम. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा कणासाठी डर्बी काढून घ्यायची? प्रश्न रास्त आहे. म्हणून नियमामागचं कारण नीट पाहू.

बीटामेथासोन हे स्टिरॉइड आहे. ते बेकायदा औषध नाही. सुजलेल्या सांध्यात त्याचं इंजेक्शन सर्रास देतात. सूज उतरते, दुखणं कमी होतं. अडचण इथेच आहे. साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने धावतं आणि त्या धावण्यात एक क्षण असा येतो की सगळा भार एकाच पायावर असतो. कॅलिफोर्नियात रेसकोर्सवर मेलेल्या घोड्यांचं १९९० पासून शवविच्छेदन होतं. तिथे पुन्हा पुन्हा एकच दिसलं: शर्यतीत पाय मोडून गेलेल्या बहुसंख्य घोड्यांच्या हाडात त्या जागी आधीपासूनच इजा होती. म्हणजे पाय ‘अचानक’ मोडत नाही. हाड आधी कुरकुरत असतं आणि घोडा ते एकाच भाषेत सांगू शकतो, लंगडून. दुखणं दबलं तर तपासणाऱ्या डॉक्टरला काही दिसत नाही, पाठीवरच्या जॉकीलाही काही जाणवत नाही. मग पाय मोडतो, घोड्याला तिथेच दयामरण द्यावं लागतं आणि जॉकी बाकीच्या घोड्यांच्या टापांखाली येऊ शकतो. पैज लावणाऱ्याची फसवणूक हा भाग त्यानंतरचा.

म्हणून केंटकीचा नियम साधा होता: शर्यतीच्या दिवशी हे औषध रक्तात अजिबात नको. मलमातून आलं की सुईतून, याला अर्थ नाही. बॅफर्टांच्या वकिलांनी नेमका हाच मुद्दा लढवला आणि मलमाची गोष्ट खरीही असू शकते. पण रेसिंगमध्ये घोड्याच्या अंगात जे सापडेल त्याला ट्रेनर जबाबदार, हेतू काहीही असो. कठोर वाटतं, पण दुसरा मार्ग काय? तबेल्यात रात्री काय झालं हे बाहेरच्या कुणाला सिद्ध करता येणार? आमचं मत विचाराल तर या प्रकरणात सहानुभूती कमीच वाटते, कारण २०२० च्या केंटकी ओक्समध्ये याच ट्रेनरची गेमीन ही घोडी याच औषधापायी बाद झाली होती. एकदा चटका बसल्यावर मलमाच्या ट्यूबवरची घटकद्रव्यं कुणीतरी वाचायला नकोत का?

२१ फेब्रुवारी २०२२ ला पंचांनी निर्णय दिला. मेडिना स्पिरिट बाद, दुसरा आलेला मँडालून विजेता. ट्रेनरला ९० दिवसांची बंदी आणि साडेसात हजार डॉलर दंड. पहिल्या क्रमांकाचं बक्षीस होतं १८ लाख ६० हजार डॉलर, हे लक्षात घेतलं की दंडाचा आकडा कसा वाटतो ते तुम्हीच ठरवा. पैजांचं काय? मेडिना स्पिरिटवर लावलेल्यांना पैसे त्याच दिवशी मिळाले होते, ते त्यांचेच राहिले. मँडालून जिंकेल म्हणून पैसे लावणाऱ्यांच्या हाती काही आलं नाही. औषधापायी डर्बीचा विजेता बदलण्याची ही दुसरी वेळ. पहिली १९६८ ची, डान्सर्स इमेजची. आणि खुद्द मेडिना स्पिरिट? तो हा निकाल लागेपर्यंत जगलाच नाही. ६ डिसेंबर २०२१ ला कॅलिफोर्नियात सांता अनिताला सराव करताना कोसळला. शवविच्छेदनात नक्की कारण हाती लागलं नाही, त्यामुळे त्याचा मृत्यू या औषधाशी जोडणं योग्य होणार नाही.

आता व्यवस्थेकडे येऊ. अमेरिकेत तोवर प्रत्येक राज्याचे नियम वेगळे होते. आज कॅलिफोर्नियात धावणारा घोडा पुढच्या महिन्यात केंटकीत, मग न्यूयॉर्कला. मर्यादा निराळ्या, शिक्षा निराळ्या, आणि औषधोपचाराचा कागद घोड्याबरोबर जाईलच याची खात्री नाही. मार्च २०२० मध्ये जॉर्ज नवारो, जेसन सर्व्हिस यांच्यासह अनेकांवर डोपिंगचे खटले भरले गेले. तिथे तर मलमाचा प्रश्नच नव्हता. सापडू नयेत अशीच बनवलेली औषधं घोड्यांना दिल्याचा आरोप होता. नवारोला पाच वर्षांची, सर्व्हिसला चार वर्षांची कैद झाली. त्याच डिसेंबरात ‘हायसा’चा केंद्रीय कायदा झाला. सुरक्षेचे नियम जुलै २०२२ पासून आले, औषधांचे मे २०२३ पासून. आता डॉक्टरने दिलेला प्रत्येक उपचार एका ठिकाणी नोंदवावा लागतो. जॉकीने शर्यतीत चाबूक किती वेळा मारायचा तेही ठरलंय, जास्तीत जास्त सहा वेळा.

यातून सगळं सुटलं का? मे २०२३ मध्ये डर्बीच्या आसपास चर्चिल डाउन्सवर महिनाभरात बारा घोडे गेले आणि उरलेला हंगाम दुसऱ्या रेसकोर्सवर हलवावा लागला. टेक्सास अजून या कायद्याबाहेर आहे, कोर्टातले वादही चालू आहेत. पण २००९ मध्ये अमेरिकेत घोडे शर्यतीत उतरण्याच्या दर हजार वेळांमागे दोन घोडे मरत होते. २०२४ मध्ये हायसाखालच्या रेसकोर्सवर हे प्रमाण ०.९० वर आलं.