शेताचें लोखंडी कुंपण

दिंडोरीच्या परिसरांत द्राक्षबागा पुष्कळ आहेत. बागेस कुंपण हवें हें सर्वांस ठाऊक असतें; परंतु तें टिकतें कशानें, याचा विचार थोडेच करितात. वेल्डिंग केलेल्या जाळीची चौकट कितीही मजबूत असली, तरी तिचा सारा भार खांबांवर असतो. काळी जमीन पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. त्यामुळें उथळ पुरलेला खांब कालांतरानें कलतो. म्हणून खड्डा खोल घेऊन काँक्रीट भरावें, कोपऱ्याच्या खांबास तिरका आधार द्यावा आणि काँक्रीट पुरतें घट्ट झाल्यावरच चौकट चढवावी.

दुसरा शत्रु गंज. लोखंडावरील जस्ताचा थर स्वतः झिजून लोखंडास राखतो. परंतु वेल्डिंगच्या उष्णतेनें तो सांध्यापाशीं जळतो व गंज तेथूनच शिरतो. यास्तव शेतांत जोडलेला प्रत्येक सांधा घासून त्यावर जस्ताचा रंग द्यावा. जोडणीनंतर वितळलेल्या जस्तांत बुडविलेली चौकट सर्वांत उत्तम.

मात्र एक गोष्ट विसरूं नये. या तालुक्यांत बिबट्याचा वावर आहे, आणि तो जाळीवरून चढून येऊं शकतो. कुंपण गुरांस अडवील. शेळ्यांस मात्र रात्रीं छपराचा बंदिस्त गोठाच हवा, आणि लेंकरांस वडील माणसांची सोबत.