कॅम्प ते तनोट, ओम्नीतून

काचबिंदूत कडेची नजर आधी जाते, मधलं बराच काळ दिसत राहतं, आणि गेलेली नजर परत येत नाही. ड्रॉप घालायचे ते उरलेली टिकवण्यासाठी. डॉक्टरांनी हे समजावलं तेव्हा बाबा काहीच बोलले नाहीत. बाहेर खानापूर रोडला आल्यावर म्हणाले, "एकदा वाळवंट बघून येऊया की गं."

बाबा पलटणीत ड्रायव्हर होते. १९८६-८७ च्या हिवाळ्यात राजस्थानात 'ब्रासटॅक्स' हा लष्कराचा प्रचंड सराव झाला, तेव्हा ते जैसलमेरकडे ट्रक चालवत होते. कॅम्पातल्या आमच्या घरात वाळवंट म्हणजे बाबांची गोष्ट. आता स्टिअरिंग माझ्या हातात असणार होतं.

"डोळ्याचं औषध चालू असताना वाळू खायला कुठं निघालाय?" असं म्हणत आईने चाळीस कडक भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. कडक भाकरी पंधरा दिवस टिकते, हे आपल्या भागातल्या मुलांना सांगायला नको.

जुन्या ओम्नीचं मागचं सीट काढून प्लायवूडची फळी टाकली. फळीवर अंथरूण, खाली पाण्याचे कॅन, स्टोव्ह, फावडं. थर्माकोलच्या डब्यात ड्रॉप. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, बाबांच्या फोनला अलार्म.

निपाणीवरून जाणारा आपला ४८ नंबरचा महामार्ग पार अहमदाबादला पोचवतो. त्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. ओम्नीचं इंजिन सीटखाली असतं आणि ते डिसेंबरातही भाजतं, एवढं पुरे. रात्री पेट्रोल पंपाच्या आवारात विचारून गाडी लावायची, तिथेच झोपायचं. एकाही रात्री कुणी नाही म्हटलं नाही.

कच्छच्या छोट्या रणात मात्र दोन दिवस थांबलो. पावसाळ्यात इथे पाणी साचतं. ते ओसरलं की अगरिया कुटुंबं मुलाबाळांसह रणात मुक्कामाला येतात आणि उन्हाळ्यापर्यंत राहतात. जमिनीखालचं खारं पाणी उपसून वाफ्यांत मीठ पिकवतात. आमचं रस्त्यावरचं राहणं ही तीन आठवड्यांची हौस. त्यांचं वर्षातलं निम्म्याहून जास्त आयुष्य तिथे जातं. पिण्याचं पाणी टँकरने येतं. त्यांनी दिलेला चहा प्यायला मला संकोच वाटला. बाबा दोन कप प्याले.

बाडमेरच्या पुढे एका ढाब्यावर केर-सांगरीची भाजी मिळाली. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे दसऱ्याला आपण पूजतो ती शमी! आपण तिची पानं घेतो, तिथे शेंगा वाळवून वर्षभर खातात.

जैसलमेरला वर्षाकाठी सुमारे २०० मिलिमीटर पाऊस. बेळगावात त्याच्या पाच-सहापट पडतो, तरी मेमध्ये नळाची वाट बघतोच. तिथले लोक पावसाचं पाणी जमिनीखालच्या टाक्यात साठवतात. काही ठिकाणी वाळूखाली जिप्समचा थर असतो. त्यामुळे पावसाचं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही, वरच्या वाळूतच ओलावा धरून राहतं. त्या थरापर्यंत अरुंद विहीर खणतात, तिला कुंई म्हणतात. पाणी थेंबाथेंबाने झिरपतं, दिवसाकाठी दोन-चार घागरी.

खुडी गावाजवळ फोटोच्या नादात मी गाडी रस्त्याखाली उतरवली आणि मागची चाकं रुतली. मी अॅक्सिलरेटर दाबला.

"दाबू नको!" बाबा ओरडले. "काय करूलालीस? आणखी आत जाईल. हवा काढ निम्मी."

हवा कमी केली की टायर पसरतो आणि वाळूवर तरतो. बाबा खाली उतरले, गुडघ्यावर बसले आणि टायर बघण्याऐवजी अंगठ्याने दाबून, "अजून थोडी... बस्स," असं सांगत गेले. चाकांपुढची वाळू उपसली, पायपुसणी घातली. दुसऱ्या गियरात, हळूच. गाडी निघाली. हातपंपाने हवा भरताना माझे दंड भरून आले, आणि बाबा इतके खुशीत होते की मला रागही येईना.

तनोटच्या देवळाची व्यवस्था सीमा सुरक्षा दल पाहतं. १९६५ च्या युद्धात आवारात पडलेले न फुटलेले बॉम्ब तिथे ठेवलेले आहेत. बाबांनी ते चेहरा अगदी जवळ नेऊन पाहिले. तिथून लोंगेवालाकडे जाताना सूर्य कलला होता. बाबांनी गाडी थांबवायला लावली.

ते रस्त्याकडेला उभे राहिले. एका नजरेत त्यांना आता मधला तुकडाच दिसतो. म्हणून ते जागच्या जागी वळू लागले. एक तुकडा बघायचा, पाऊल सरकवायचं, पुढचा तुकडा बघायचा. वाळू, मग झुडपं, मग आमची ओम्नी, मग परत वाळू. मी काही बोलले नाही.

तेवढ्यात अलार्म वाजला. मी थर्माकोलचा डबा उघडला.

"थांब जरा," ते म्हणाले, "पाकिस्तानकडची बाजू राहिलीय अजून."