आयबीला जाब कोण विचारणार?

आज चंडीगडहून बोलतोय. इथले खासदार मनीष तिवारी २०११ मध्ये लुधियानाचे खासदार होते. तेव्हा त्यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं: आयबी, रॉ यांना कायद्याची चौकट द्या, संसदेची देखरेख ठेवा. ते मंजूर झालं नाही.

आयबी १८८७ची, रॉ १९६८ची. पण संसदेने केलेला स्वतंत्र कायदा दोघींनाही नाही. मग रोजचा व्यवहार कसा चालतो? खासदार आयबीबद्दल विचारतो, उत्तर गृहमंत्रालय देतं. अधिकारी सभागृहात येतच नाही. माहिती अधिकारातही कलम २४ची सूट. अपवाद भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या आरोपांचा. ब्रिटनने मात्र १९९४ मध्ये कायद्यानेच संसद सदस्यांची समिती नेमली. गुपितं जपावीतच, पण बंद दाराआड चार खासदारांना हिशेब द्यायला काय हरकत आहे?