रानातली पोरं, शाळेतलं पथक

१९०७ साली रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडजवळच्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांची छावणी भरवली. माग काढणं, चूल पेटवणं, रानात मुक्काम करणं हे सगळं त्या मुलांना नवं होतं. गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीकडच्या पोराला यातलं निम्मं घरीच येतं. ओल्या मातीतला खूर चितळाचा की रानडुकराचा, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही. सत्तर तेंदूपानं मोजून पुडकं बांधायची सवय असलेली बोटं क्लोव्ह हिचची गाठ पाहता पाहता शिकतात. तरीही चंद्रपूर-गडचिरोलीतल्या अनेक शाळांत स्काउट-गाईड पथक दिसतं ते १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या संचलनापुरतं. रान भोवती आहे, कसब हातात आहे. मग घोडं अडतं कुठे?

भारतात स्काउटिंग १९०९ मध्ये आलं ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांना शिरकाव नव्हता, म्हणून १९१७ साली ॲनी बेझंट यांनी मद्रासेत वेगळी संघटना काढली. पाठोपाठ मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादेत सेवा समितीची पथकं उभी केली. ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्काउट संघटना एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाईड्स ही एकच संघटना झाली. पुढच्या वर्षी मुलींची गाईड संघटनाही तिच्यात आली. सुरुवात स्वयंसेवकांची, पण आपल्याकडे पुढे ही चळवळ मुख्यतः शाळेच्या दप्तरात जाऊन बसली. त्यामुळे ती खेड्यापाड्यांत पोचली हे खरं, पण शाळेच्या सगळ्या अडचणीही तिला चिकटल्या.

पथक चालवायचं तर एका शिक्षकाने बेसिक कोर्स करायचा, पथकाची नोंदणी सांभाळायची, सुट्टीच्या दिवशी मुलं जमवायची. यासाठी वेगळा पगार नाही. त्याच शिक्षकाच्या डोक्यावर निवडणुकीची कामं, पोषण आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती. त्याची बदली झाली की पथक बसलंच. प्रवेश, मग तीन सोपान, पुढे राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार ही काही वर्षांची चढण. मार्गदर्शक मध्येच गेला की मूल अर्ध्या वाटेवर राहतं. मुलींचं आणखी अवघड. दुर्गम शाळेत शिक्षिकाच नसेल, तर मुक्कामी शिबिराला त्यांना नेणार कोण?

गडचिरोलीत याला वयाची भर पडते. स्काउट होण्याचं वय साधारण दहाचं. बऱ्याच लहान गावांत शाळा चौथी-पाचवीपर्यंतच असते. म्हणजे नेमक्या त्याच वयात मूल आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात जातं. पथक तिथे, गाव इकडे. सेवा करायची ती कुणाची? घरी बोली माडिया किंवा गोंडी, शाळा मराठी, प्रार्थना आणि झेंडागीत हिंदी. गणवेश, स्कार्फ, वॉगल, बेल्ट यांचा खर्च वेगळाच. शहरातली मुलं ‘खरी कमाई’च्या उपक्रमात भेळ विकून कष्टाचं मोल शिकतात, मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोह वेचणाऱ्या आणि मेमध्ये तेंदू तोडायला जाणाऱ्या पोराला तो धडा घरातच मिळालेला असतो. आणि उन्हाळी शिबिराचे दिवस म्हणजे नेमके घरच्या कमाईचे दिवस.

चंद्रपूरकडे वाघाचा प्रश्न आहे. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, पण वाघ त्याच्या सीमेत थोडाच राहतो! ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या भागांत तो शिवारापर्यंत येतो, माणसं मारली जातात. तिथे रात्रीच्या हाईकला कोणती आई पोराला पाठवेल? तंबू मग शाळेच्या पटांगणातच लागतात.

तरुणांच्या शिबिरांची परंपरा मात्र या भागात मोठी आहे. मूल तालुक्यातल्या सोमनाथला बाबा आमट्यांनी १९६७ पासून श्रमसंस्कार छावणी भरवली. महाराष्ट्रभरातल्या तरुणांनी मे महिन्याच्या उन्हात तिथे घाम गाळला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने २००६ मध्ये ‘निर्माण’ ही तरुणांची शिबिरमालिका सुरू केली. या उपक्रमांनी माणसं घडवली. पण छावणीतली मुलं आठवड्याने आपापल्या गावी परततात. पथकाला दर आठवड्याला हजर असणारं माणूस लागतं.

असं माणूस इथेच सापडतं, याचे दाखलेही इथलेच आहेत. चंद्रपुरात बंडू धोतरे यांच्या ‘इको-प्रो’च्या तरुणांनी मार्च २०१७ पासून गोंडकालीन परकोटाची सफाई हाती घेतली आणि दिवसामागून दिवस, महिनोन्‌महिने चालवली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. तिथे ग्रामसभेच्या जोडीने गावाचे अभ्यासगट चालत आले आहेत. माडिया गावांत तर गोटुल ही तरुणांची जुनी संस्था. थोरांच्या नजरेखाली, पण तरुणांनीच चालवलेली. सहा-आठ मुलांचा संघ आणि त्यांच्यातलाच संघनायक, ही बेडन-पॉवेल यांची रचना या मुलखाला परकी वाटण्याचं कारण नाही.

भारत स्काउट्स आणि गाईड्समध्ये शाळेबाहेरच्या खुल्या पथकांनाही जागा आहे. ती इथे वापरली पाहिजे. गावातलेच दोन-तीन तरुण-तरुणी रोव्हर-रेंजर, म्हणजे मोठ्या वयाचे स्काउट-गाईड, म्हणून तयार करावेत, ग्रामसभेने जबाबदारी घ्यावी, शिबिराची तारीख मोह, तेंदू आणि धानाची कापणी बघून ठरवावी. वाघ दिसल्यावर गर्दी आवरणारी तरुणांची प्राथमिक प्रतिसाद दलं चंद्रपूरकडच्या गावांत आहेतच. मोठ्या मुलांना सेवेचं याहून खरं काम कुठलं? दहावीच्या परीक्षेतल्या सवलतीच्या गुणांसाठी आलेलं मूल दहावीनंतर पथक सोडतं. गावाला उपयोगी पडणारं मूल पुढच्या पोरांना शिकवायला थांबतं. शिक्षकाची बदली होते, गावाची होत नाही. पथकाचा पत्ता शाळेऐवजी गावाचा असला, तर यातली निम्मी अडचण तिथेच संपेल.