मुलांचे खेळणे आणि घराभोवतालची जागा

“हल्लीची मुले खेळतच नाहीत,” ही तक्रार घरोघरी ऐकू येते, आणि तिचे खापर बहुधा मुलाच्या आळसावर, नाहीतर हातातल्या मोबाईलवर फुटते. तक्रार खोटी नव्हे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे तरी अंग हलवावे, दम लागेल इतके खेळावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१६ सालच्या आकडेवारीप्रमाणे जगातील ११ ते १७ वयाच्या दर शंभर मुलांपैकी ८१ जणांना एवढेही घडत नव्हते. परंतु मूल धावते की बसून राहते, हे त्याच्या स्वभावाइतकेच उंबऱ्याबाहेर काय आहे यावरही ठरते. तिकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

बेळगावातील शहापूर-वडगावची विणकर वस्ती पाहा. जेथे घरातच माग बसलेला, तेथे धावायला उरते ती दारापुढची गल्ली. गल्ली अरुंद खरी. पण तिच्यात मोटार भरधाव जाऊ शकत नाही, कट्ट्यावर कोणी ना कोणी बसलेले असते, आणि सवंगडी हाकेच्या अंतरावर असतात. लगोरी, लंगडी, ठिकरी यांना एवढे पुरते. (आता तेथेही दुतर्फा मोटारसायकली उभ्या राहू लागल्या, ही गोष्ट वेगळी.) उलट टिळकवाडीत लेले मैदान आहे, व्हॅक्सिन डेपोची झाडी आहे. तथापि वाटेत वर्दळीचा रस्ता आला, की आठ वर्षांच्या मुलाला एकटे पाठविण्यास कोणती आई धजेल? मैदान जवळ असूनही मुलाला ते दूरच. निपाणीला लागून जाणाऱ्या पुणे-बेंगळूर महामार्गाकाठच्या वस्त्यांना हे समजावून सांगावयास नको.

इंग्लंडात याची मोजदाद झाली आहे. तेथे १९७१ साली सात-आठ वर्षांच्या शंभर मुलांपैकी ८० मुले मोठ्या माणसांवाचून शाळेत जात. १९९० साली अवघी ९. मुले दुबळी झाली नव्हती. रहदारी वाढली आणि आईबापांनी परवानगी काढून घेतली.

मुलींच्या बाबतीत तर परवानगी हाच मुख्य प्रश्न. मोठ्या मैदानावर थोरल्या मुलांचे क्रिकेट चालते. तिन्हीसांजेला मुलगी तेथे थांबत नाही, थांबूही देत नाहीत. तिचा खेळ घराच्या नजरेच्या टप्प्यात राहतो. म्हणून दाराजवळची चार हात मोकळी जागा तिला दूरच्या दहा एकरांपेक्षा मोलाची.

आपल्याकडची दिवाळी घ्या. किल्ला करताना मुले माती उकरतात, कालवतात, दगड वाहतात. आठ-दहा दिवस त्यांना व्यायाम कर म्हणून सांगावे लागत नाही. मात्र त्याला माती लागते. अंगणभर फरशी घातली, की किल्ला बाजारातून तयार येतो आणि मूल त्यावर मावळे मांडून मोकळे होते.

नवी मैदाने आता शहरात सहज मिळणार नाहीत. पण शाळांची पटांगणे सायंकाळी व सुटीत उघडी ठेवता येतील. न्यूयॉर्कमध्ये १९१४ पासून काही रस्ते ठरावीक वेळी वाहनांना बंद करून मुलांना खेळायला देण्याची प्रथा पडली. तसा आठवड्यातून एक तास आपल्या एखाद्या गल्लीला देण्यास दोन्ही टोकांना एकेक बाक आणि शिट्टी घेतलेले एक वडीलधारे माणूस, एवढीच सामग्री लागेल. अर्थात गल्लीतील घरमालकांची संमती आधी घ्यावी लागेल.