शब्दयादी आणि कविता : अमेरिकी शाळांतील काव्याध्यापनाचा विचार

प्रस्तावना

अभिधा, लक्षणा व व्यंजना या शब्दशक्तींचा परिचय तुम्हांला आहेच. प्रत्यक्ष काव्यवाचनात त्यांचा उपयोग कसा होतो, हे पाहण्यासाठी येथे अन्य भाषेतील एका अध्यापनपद्धतीचा विचार करू. अमेरिकेतील शाळांत ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ हा महाविद्यालयीन पातळीचा अभ्यासक्रम शिकवला जातो. त्याच्या पहिल्या परीक्षा १९५६ मध्ये झाल्या. आज त्यातील इंग्रजी साहित्याच्या परीक्षेत तीन निबंध लिहावे लागतात. त्यांपैकी एक, समोर दिलेल्या कवितेच्या विश्लेषणाचा असतो. येथे पाठ केलेले रसग्रहण उपयोगी पडत नाही.

शब्दयादीची मर्यादा

अशा वर्गांत कठीण शब्दांच्या याद्या पाठ करण्याची प्रथा जुनी आहे. विद्यापीठप्रवेशासाठीच्या ‘एसएटी’ परीक्षेतही २०१६ पर्यंत योग्य शब्दाने वाक्य पूर्ण करण्याचे प्रश्न असत. यादीत प्रत्येक शब्दापुढे त्याचा समानार्थी शब्द दिलेला असतो. त्यामुळे हे दोन शब्द एकमेकांच्या जागी चालतील, अशी समजूत होते. कविता नेमकी हीच समजूत मोडते.

निवडीचे मूल्य

इंग्रजीत ‘आस्क’, ‘क्वेश्चन’ आणि ‘इंटरॉगेट’ या तिन्ही क्रियापदांचा वाच्यार्थ ‘विचारणे’ असा सांगता येतो. पहिले मूळचे इंग्रजी, दुसरे फ्रेंचमधून आलेले, तर तिसरे लॅटिनमधून घेतलेले आहे. वाटसरू रस्ता विचारतो तेथे पहिले चालते. पोलीस संशयिताची चौकशी करतात तेथे तिसरे. प्रेमकवितेत तिसरे क्रियापद आले, तर प्रेयसी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते.

मराठीतही असे थर आहेत. अपत्य ‘काळजाचा तुकडा’ असते, वैद्यकात ‘हृदयविकार’ असतो आणि मित्र ‘दिलदार’ असतो. ‘काळीज’, ‘हृदय’ व ‘दिल’ यांचा निर्देश जवळचा असला, तरी त्यांचे भावविश्व वेगळे आहे. रोमान याकोब्सन यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात काव्यभाषेचे विवेचन निवड आणि संयोग या दोन तत्त्वांच्या आधारे केले. कवीने निवडलेला शब्द समजण्यासाठी त्याने टाळलेले शब्दही माहीत असावे लागतात. म्हणून शब्दसंग्रह मोठा हवा. यादी निरुपयोगी नाही. ती अपुरी आहे.

काळाचे भान

जुन्या कवितेत आणखी एक अडचण येते. शेक्सपिअरच्या काळी ‘फॉन्ड’ या शब्दाचा ‘मूर्ख’ असाही अर्थ होता. आज तो ‘आवड असलेला’ असा आहे. संस्कृतातील ‘शिक्षा’ म्हणजे अध्यापन. आजच्या मराठीत ती दंडाच्या अर्थाने रूढ आहे. अशा ठिकाणी ओळखीचा वाटणारा शब्दच वाचकाला अधिक फसवतो. अनोळखी शब्दासाठी आपण कोश उघडतो, ओळखीच्या शब्दासाठी उघडत नाही.

सारांश

रसग्रहणाच्या उत्तरांत अनेकदा केवळ सरलार्थ लिहिला जातो. शब्दार्थ अचूक असतो. पण हाच शब्द का, या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. कवितेचे आकलन या प्रश्नापासून सुरू होते.

स्वाध्याय

तुमच्या अभ्यासक्रमातील एका कवितेतून तीन शब्द निवडा. प्रत्येकाच्या जागी समानार्थी शब्द ठेवून ओळ मोठ्याने वाचा. अर्थ, नाद व भाव यांत कोणता बदल झाला, ते प्रत्येकी तीन-चार वाक्यांत लिहा.