टायर खातो तो टो

पुणे-इंदूर महामार्गावर मनमाडच्या आसपास सरळ धावणाऱ्या वेगवान गाडीचे टायर आतून झिजले, की दोष आत कललेल्या चाकांना, म्हणजे निगेटिव्ह कॅम्बरला दिला जातो. खरे कारण बहुधा टो असतो: वरून पाहता चाकाचा प्रवासाच्या दिशेशी होणारा कोन. चाक ०.१ अंशाने वाकडे असले, तरी हजार किलोमीटरमागे टायर जवळपास पावणेदोन किलोमीटर आडवा घासतो! कॅम्बर भार आतल्या कडेवर आणतो. घासण्याचे काम मुख्यतः टो करतो. मग कॅम्बर शून्यच का करू नये? कारण वळणावर गाडी बाहेर झुकते, तेव्हा तोच कल बाहेरचा टायर रस्त्यावर सपाट टेकवतो. कॅम्बर बेताचा ठेवावा, पण तो बदलला की टोही हलतो. म्हणून टो सर्वांत शेवटी, कंपनीने दिलेल्या मर्यादेत, शून्याजवळ लावून घ्यावा.